मशिनाचा करार करण्याआधी: ॲडमिन विभागास खुले पत्र

प्रति,
ॲडमिन विभाग आणि पँट्री समितीचे सर्व सदस्य,
हिंजवडी, पुणे

विषय: कॉफी.

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी तुमचा ई-मेल आला. तिन्ही मजल्यांवरची जुनी व्हेंडिंग मशिनं काढायची, त्या जागी दाणे दळून कॉफी देणारी नवी मशिनं भाड्यानं आणायची, करार तीन वर्षांचा, आणि 'काही सूचना असल्यास शुक्रवारपर्यंत कळवाव्यात'. अशा वाक्याला उत्तर अपेक्षित नसतं, एवढं बारा वर्षांच्या नोकरीत कळलंय. तुम्हाला एकट्यांना लिहिलं असतं तर 'नोंद घेतली आहे' अशी एक ओळ येऊन विषय संपला असता. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितोय.

आधी कबुली. सध्याच्या मशिनाविरुद्ध सगळ्यात जास्त तक्रारी माझ्याच आहेत. कॉफीला टोमॅटो सूपचा वास येतो ही तक्रार मी चार वेळा केली. चौथ्या वेळी सर्व्हिसवाला आला, त्यानं नळी पुसली, रजिस्टरवर सही घेतली आणि गेला. सूप, आल्याचा चहा, लेमन टी आणि कॉफी एकाच तोंडातून पडतात, त्याला तो बिचारा तरी काय करणार! तेव्हा हे मशीन जातंय याचं दुःख मला नाही. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी पेढे माझ्याकडून. पण त्याच्या जागी जे येतंय त्याचा हिशेब नीट मांडलेला दिसत नाही.

जुन्या मशिनात कॉफी कधी झालीच नाही. ती ढवळली गेली. त्यात ओततात त्या पिशवीवरचं बारीक अक्षर एकदा वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, आणि आपल्या पिशवीवर आधी साखर, मग दुधाची पावडर आणि त्यानंतर कॉफी आहे. मधुमेह असलेल्या माणसासाठी त्या मशिनावर एकच बटण आहे: गरम पाणी.

आपण सगळे संगणकवाले, म्हणून आपल्याच बिरादरीतली एक गोष्ट सांगतो. 1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं भांडं ठेवलेलं असायचं. लांब बसणारे लोक जिने तुडवत यायचे आणि भांडं रिकामं. शेवटी काही जणांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र आपापल्या पडद्यावर आणलं. 1993 मध्ये ते चित्र वेबवर गेलं, जगभरचे लोक एका भांड्याकडे टक लावून बसले, आणि 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला. जगातला पहिला वेबकॅम म्हणून ही गोष्ट आपल्याकडे कौतुकानं सांगतात. मला ती वाचताना दर वेळी वाटतं, एवढी बुद्धिमान माणसं, पण रिकामं झालेलं भांडं पुन्हा कुणी भरायचं याचं उत्तर त्या कॅमेऱ्यात नव्हतं. रिकामं आहे हे लांबून दिसावं एवढीच सोय झाली. तुमच्या नव्या मशिनाबरोबर ॲप येणार आहे, असं ई-मेलमध्ये लिहिलंय. त्यात दाणे संपल्याचं कळेल म्हणे.

आता थोडं कॉफीकडे. भाजून दळलेल्या दाण्याच्या वजनाचा सुमारे 30 टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, पण सगळा उतरवायचा नसतो. 18 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान थांबलं तर बहुतेकांना कप आवडतो. आधी आंबटपणा उतरतो, मागून गोडवा, सगळ्यात शेवटी कडवटपणा. घाई केली की कप आंबट आणि पाणचट, रेंगाळलं की आजारी माणसाला द्यायचा काढा. पाणी 92 ते 96 अंशांवर असलेलं बरं. बाकी सारा खेळ दळणाचा आणि वेळेचा. जेवढं दळण जाड, तेवढा पाण्याला वेळ जास्त लागतो. फ्रेंच प्रेसला लापशीच्या रव्याएवढं जाड लागतं, कागदी फिल्टरला बारीक रव्याएवढं, एस्प्रेसोला, म्हणजे दाबानं काढलेल्या दाट कॉफीला, जवळजवळ पीठ. ज्या घरात गव्हाचं, भाजणीचं आणि आंबोळीचं दळण वेगवेगळं सांगून आणतात, त्या घरातल्या माणसाला हे समजायला अडचण नसावी.

आपल्या तिसऱ्या मजल्यावर यातले बहुतेक प्रकार नांदून गेलेत, तुमच्या कानावर आलं नसेल एवढंच. टेस्टिंगमधल्या एकीच्या ड्रॉवरमध्ये फ्रेंच प्रेस आहे. चार मिनिटं भिजवायचं आणि दांडा खाली दाबायचा. तिची कॉफी दाट असते, जिभेवर बसते, तळाशी गाळ राहतो. तो गाळ तिनं आठवडाभर पँट्रीच्या सिंकमध्ये ओतला आणि सिंक तुंबलं. फेब्रुवारीत प्लंबर का बोलवावा लागला, हे तुम्हाला आज कळत असेल. डिझाइनमधला एक जण एरोप्रेस वापरतो. उडत्या चकत्या बनवणाऱ्या ॲलन ॲडलर नावाच्या अमेरिकन माणसानं हे 2005 मध्ये बाजारात आणलं. प्लास्टिकची जाड पिचकारीच म्हणा. दोन मिनिटांत एक स्वच्छ कप, आणि चोथ्याची टिकली टपकन कचऱ्याच्या डब्यात. एकट्या माणसाला टेबलावर यापेक्षा सोयीचं काही नाही. अडचण ही की तो एकटा राहत नाही. शेजारचे दोघं 'मलाही' म्हणाले की त्याचं दुकान होतं. तिसऱ्यानं मोका पॉट आणला, म्हणजे आचेवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी काढणारं भांडं, 1933 मध्ये इटलीत बियालेत्ती यांनी बाजारात आणलं तसलं, अष्टकोनी, ॲल्युमिनियमचं, देखणं. आपल्या पँट्रीत गॅसला परवानगी नाही, इंडक्शन आहे, आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही. सध्या त्यात पेनं ठेवलेली आहेत.

मी स्वतः वर्षभर कागदी फिल्टरवाला होतो. ही पद्धत मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण दाण्यात जे असेल ते निथळ दिसतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं 1908 साली मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घातला आणि पेटंट घेतलं. गाळ नको म्हणून स्वयंपाकघरात केलेली खटपट होती ती, प्रयोगशाळेतली नव्हे. पण बारीक तोटीची किटली घेऊन चार मिनिटं गोल गोल पाणी ओतत उभा राहिलो की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, 'ते डिप्लॉयमेंटचं काय झालं?' कॉफी ध्यान लावून करायची असेल तर ऑफिस ही त्याची जागा नाही, हे मी मान्य करून टाकलं.

फेटलेल्या कॉफीचा उल्लेख केला नाही तर आपल्या पिढीशी बेइमानी होईल. इन्स्टंट कॉफी, साखर, चार थेंब पाणी, आणि चमच्यानं फेटत राहायचं ते रंग फिका होऊन फेस उभा राहीपर्यंत. हॉस्टेलवर परीक्षेच्या रात्री पिताना ती अमृत वाटायची. ती होते फक्त इन्स्टंटची, दळलेल्या दाण्याची होत नाही. आणि ऑफिसात ती होण्यासाठी एक इंटर्न लागतो, हेही खरं. घरची जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफी हा आणखी वेगळा प्रांत. पाहुण्याला चहाऐवजी कॉफी विचारली की आपला मान वाढलाय हे त्याला कळायचं. त्यात कॉफी किती होती याची चौकशी कुणी करू नये.

आता तुमचं नवं मशीन. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. दाणे तिथल्या तिथे दळतं, दाबानं पाणी सोडतं, वर दुधाचा फेस देतं. पहिल्या आठवड्यात तुमची वाहवा होईल. पण आपल्या मजल्यावर सकाळी अकराला साठ माणसं उठतात. एका कपाला चाळीस सेकंद धरले तरी शेवटच्या माणसाचा नंबर चाळीस मिनिटांनी लागतो. दाणे वरच्या पारदर्शक डब्यात दिव्याखाली उघडे पडून राहणार, आणि भाजलेल्या दाण्याचे शत्रू म्हणजे हवा, उजेड, ऊब. दुधाची नळी रोज धुवावी लागते, नाहीतर सूपच्या वासाची जागा आंबलेल्या दुधाचा वास घेईल. दळलेल्या कॉफीचं तेल आतल्या भागांवर साचतं, खवट होतं, आणि मग कितीही उंची दाणे घाला, कप जुनाटच लागतो. हे धुणं कुणी करायचं? करारात 'तिमाही सर्व्हिस' लिहिलंय. वर्षातून चारदा घासलेल्या भांड्यात तुम्ही घरी दूध तापवाल का?

शिवाय त्या माहितीपत्रकावर 'अस्सल इटालियन दाणे' असं सोनेरी अक्षरात छापलंय. इटलीत कॉफी भाजतात, तिचे मळे तिथे नाहीत. भारतातून निर्यात होणाऱ्या कॉफीचं वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे 70 टक्के रोबस्टा जातीची. तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, तिचा फेस चांगला येतो, आणि इटलीवाले एस्प्रेसोच्या मिश्रणात ती आवडीनं घालतात. तेव्हा कोडगू-चिकमगळूरचा दाणा समुद्रापार जाऊन, भाजून, डब्यात बसून, महिन्यांनी हिंजवडीत परत येणार आणि आपण त्याला अस्सल इटालियन म्हणणार. चिकमगळूर आपल्या शेजारच्या राज्यात आहे हो!

आरोग्याचा मुद्दा तुम्हीच ई-मेलमध्ये काढलात, म्हणून एवढं जोडतो. 2025 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या आणि चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी कामाच्या ठिकाणच्या कॉफी मशिनांची तपासणी प्रसिद्ध केली. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल नावाची द्रव्यं असतात, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी फिल्टर ती बऱ्याच प्रमाणात अडवतो. मशिनातल्या धातूच्या जाळीतून ती कपात येतात, आणि त्या तपासणीत मशिनाच्या कॉफीत ती कागदातून गाळलेल्या कॉफीपेक्षा जास्त निघाली. दिवसाला एक कप पिणाऱ्यानं घाबरू नये. पण आपल्याकडे रिलीजच्या आठवड्यात पाच-पाच कप कोरी कॉफी रिचवणारे आहेत. त्यांच्यासाठी कागदी फिल्टरचं साधं ड्रिप मशीन, काचेच्या भांड्याचं, पुरेसं आहे. त्याला ॲप नसतं.

इथपर्यंतचं सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. लिहायला बसलो ते तुमच्या ई-मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीमुळे: 'यामुळे पँट्रीतील मनुष्यबळाचा फेरविचार करता येईल.'

पँट्रीतलं मनुष्यबळ म्हणजे मामा. आपल्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नाही, मलाही दोन वर्षं माहीत नव्हतं. ते कंत्राटदाराकडून येतात, सात ते चार. त्यांचं काम तुमच्या यादीत 'मशीनमध्ये पावडर भरणे, कप रचणे, ओटा पुसणे' एवढंच आहे. ते इथे येण्याआधी सोळा वर्षं उडप्याच्या हॉटेलात कॉफी करत होते, हे तुमच्या यादीत नाही. मला कळलं तेही अपघातानं. जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं मशीन बंद पडलं, सुटा भाग येईना, आणि मी घरून स्टीलचा फिल्टर आणला, एकावर एक दोन भांड्यांचा, वरच्याच्या तळाला भोकं असलेला. दोन कप कॉफीसाठी मी झगडताना मामांनी पाहिलं. 'एवढं दाबायचं नाही हो,' म्हणाले, 'वरची चकती नुसती टेकवायची. दाबली की पाणी अडतं.' मग फिल्टर हातातून घेतलाच.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही बारा जण त्यांची कॉफी प्यायलो. ते सकाळी सव्वासातला मोठ्या फिल्टरमध्ये पावडर भरतात. तळाशी चिमूटभर साखर टाकतात, भोकं तुंबू नयेत म्हणून. उकळून जरा निवलेलं पाणी वरून गोल फिरवत सोडतात आणि झाकण ठेवून वीस मिनिटं हात लावत नाहीत. खाली जे जमतं ते डिकॉक्शन, काळं आणि मधासारखं घरंगळणारं. ते कधीही उकळायचं नाही, हा त्यांचा एकमेव कायदा. दूध उकळायचं आणि डिकॉक्शनात ओतायचं. दुपारी अडीचला दुसरा घाणा. सकाळचं उरलं तर फेकतात, मोह नाही. महिन्यातून एकदा फिल्टरचं वरचं भांडं घरी नेतात आणि गॅसच्या आचेवर धरून भोकांमधला चिकटा जाळतात, कारण इथे गॅस नाही. पाण्याबद्दलही त्यांनी मला शिकवलं. टँकरच्या जड पाण्यात कॉफीची चव मेल्यासारखी होते, आणि आरओच्या अगदी कोऱ्या पाण्यात ती उघडी पडते, अंग धरत नाही. ते दोन्ही मिसळतात. प्रमाण विचारलं तर म्हणाले, 'चाखून.'

खर्चाचा तक्ता तुम्हाला लागेल. बारा जण, दिवसाला दोन कप, कपाला आठ ग्रॅम पावडर: आठवड्याला किलोला थोडी कमी. आम्ही शहरातल्या दळून देणाऱ्या दुकानातून किलोला 900 रुपये दरानं घेतली, 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी, म्हणजे त्या नावाच्या झाडाचं भाजून दळलेलं मूळ. म्हणजे कपाला पावडरीचे सव्वासात रुपये आणि वर दूध-साखर. चिकोरीला नाक मुरडणारे आपल्याकडे आहेत, त्यांना सांगतो की तिच्यात कॅफिन नसतं, ती दाटपणा आणि रंग देते, आणि दुधात कॉफी हरवू देत नाही. फक्त पाकीट वाचून घ्या. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी एवढीच कायद्याची अट आहे, त्यामुळे 49 टक्के चिकोरी घालून विकणारेही कायद्यातच बसतात.

फिल्टरचे दोषही लिहितो, नाहीतर मी विक्रेता ठरेन. कुणीतरी लवकर यावं लागतं. आयत्या वेळी वीस पाहुणे आले तर त्यांना थांबावं लागतं. कोरी कॉफी पिणाऱ्याला ही पद्धत फारशी मानवत नाही. धातूची जाळी असल्यानं वरचा तेलाचा मुद्दा इथेही थोडाफार लागू आहे. आणि मामा रजेवर गेले त्या गुरुवारी मी केलेली कॉफी कुणी संपवली नाही.

हे शेवटचं वाक्य तुम्ही फिल्टरच्या विरोधात वापराल, म्हणून आधीच सांगतो: उपाय दुसऱ्या माणसाला शिकवणं हा आहे. 1957 मध्ये सरकारी कॉफी बोर्ड स्वतःची कॉफी हाउसं बंद करत होता, तेव्हा काम गेलेल्या लोकांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. इंडियन कॉफी हाउस म्हणून त्यातली कित्येक आजही चालू आहेत. मी आपल्या पँट्रीची सोसायटी काढा म्हणत नाही. दर मजल्याला दोन मोठे फिल्टर, कोरीवाल्यांसाठी एक ड्रिप मशीन, आठवड्याला ताजं दळण, आणि मामांच्या कामाच्या यादीत 'कॉफी करणे' हे दोन शब्द, त्या शब्दांच्या पगारासकट. बाकीच्या दोन मजल्यांवरच्या मावशींना ते शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय. तीन वर्षांच्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहा आणि दोन्ही आकडे आम्हालाही दाखवा.

येत्या गुरुवारी अकरा वाजता मशीनवाले प्रात्यक्षिकाला येणार आहेत. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर मामांचा फिल्टर तयार असेल. समितीच्या सदस्यांनी दोन्हीकडे यावं. कागदी कप ठेवलेले नाहीत, येताना आपला कप घेऊन यावा. आमच्याकडची कॉफी आवडली तर मामांना नावानं हाक मारून सांगा. नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांनाच विचारा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा एक कर्मचारी
(आणि सह्या करणारे इतर अकरा)

ता. क. निर्णय काहीही होवो, टोमॅटो सूपचं बटण तेवढं आजच बंद करा.